मेणबत्त्यांचं युनिट काढावं की उद्यमबागेत माणसं लावावीत?

विचारणा थोडक्यात अशी आहे. खानापूर तालुक्यातलं एक युवक मंडळ आसपासच्या गावांतल्या दिव्यांगांसाठी रोजगाराचा उपक्रम काढू पाहतंय. तीसेक नावांची यादी तयार आहे, एका दात्यानं हॉल आणि थोडी रक्कम देऊ केली आहे. त्यातून मेणबत्त्या आणि कागदी पिशव्यांचं युनिट काढावं, की तीन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन बेळगावात उद्यमबाग-मच्छे भागातल्या कारखान्यांत माणसं लावावीत? शिवाय यादीतल्या एका अंध तरुणानं कॉम्प्युटर कोर्स केलाय, तरी त्याला कोणी घेत नाही, ते का?

दोन्ही पर्यायांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, की काम मिळालं म्हणजे झालं. काम मिळवणं त्या मानानं सोपं असतं. माणसं मिळत नाहीत ही कारखानदारांची तक्रार बारमाही आहे. चांगल्या मालकाला नीट समजावलं तर तो दोन-तीन जणांना ठेवून बघायला तयार होतो. लावलेला माणूस सहा महिन्यांनी तिथंच आहे का, इथं बहुतेक उपक्रम आपटतात. कारण सगळा पैसा प्रशिक्षणावर आणि उद्घाटनावर संपलेला असतो आणि नंतर घर आणि कारखाना यांच्या मध्ये उभं राहायला माणूसच उरत नाही. तेव्हा दात्याची रक्कम हॉलवर घालू नका. ती या मधल्या माणसासाठी राखा. खाली जे लिहितोय ते या एका गोष्टीभोवती आहे.

आधी यादी. 'अस्थिव्यंग 12, कर्णबधिर 7, मतिमंद 6' अशी यादी सरकारी अर्जाला चालते, कामाला नाही. ('मतिमंद' हा शब्द कागदावरून काढून टाका; बौद्धिक अक्षमता म्हणा. घरचे ऐकत असतात.) तीच यादी घरोघर जाऊन पुन्हा करा आणि प्रत्येकापुढं एवढं लिहा: एकटा बसनं कुठवर जातो, सलग किती वेळ बसू किंवा उभा राहू शकतो, संडासला कोणाची मदत लागते का, मोबाइल स्वतः वापरतो का, पैसे मोजतो का, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत घरात नेमकं काय काम करतो. शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. 'काही करत नाही हो' असं आई सांगते आणि मागे तोच मुलगा दोन म्हशींचं दूध काढून डेअरीला घालून आलेला असतो. म्हणजे त्याला वेळ कळते, माप कळतं आणि रोज न चुकता एक काम करायची सवय आहे. प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांतून यातलं काही समजत नाही.

या कामात पंचायतीतल्या व्हीआरडब्ल्यूला, म्हणजे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्त्याला सोबत घ्या. तो बहुधा स्वतः दिव्यांग असतो आणि कोणाचं काय अडलंय हे त्याला तोंडपाठ असतं. तालुक्याला त्याच्यावर एमआरडब्ल्यू, म्हणजे बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता असतो, जिल्ह्याला विकलचेतनर इलाख्याचे, म्हणजे कर्नाटकच्या दिव्यांग विभागाचे अधिकारी. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशपातळीवरचं ओळखपत्र नसेल त्याचा अर्ज याच फेरीत भरा. अपंगत्व 40 टक्क्यांखाली असेल तर कार्डावर पांढरी पट्टी, 40 ते 79 पिवळी, 80 आणि वर निळी. बहुतेक योजनांचा उंबरठा 40 टक्के आहे. कार्ड देशभर चालतं, त्यामुळं चंदगडकडून सून म्हणून आलेल्या मुलीचं महाराष्ट्रातलं कार्ड इथंही वैधच आहे. पेन्शन आणि बस-सवलत मात्र ज्या त्या राज्याच्या पत्त्यावर, म्हणून आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्या.

आता मेणबत्त्या. दिवाळीआधी एक महिना त्या खपतात, ओळखीचे लोक मदत म्हणून घेतात आणि मग दहा महिने माल पडून राहतो. मेणाचा भाव आपल्या हातात नाही आणि कारखान्यातल्या मेणबत्तीशी किमतीत बरोबरी होत नाही. कागदी पिशव्यांचंही तेच. दयेवर माल एकदा खपतो, दुसऱ्यांदा गिऱ्हाईक दर्जा बघतं. युनिट काढायचंच असेल तर आधी घेणारा ठरवा, मग वस्तू.

तुमच्या भागात मला सगळ्यात जास्त जीव दिसतो तो काजूत. खानापूर आणि पलीकडं चंदगड हा काजूचा पट्टा आहे आणि काजूचं काम मुळातच तुकड्यातुकड्यांत होतं: बी वाळवणं, वाफवणं, फोडणं, गर भट्टीत सुकवणं, साल काढणं, प्रतवारी, पॅकिंग. स्वतःचा कारखाना काढू नका. कच्ची बी उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत वर्षभराची घेऊन ठेवावी लागते; भांडवल तिथं अडकतं आणि भाव पडला की नवी संस्था तिथंच बुडते. त्याऐवजी चालू कारखान्याकडून भट्टीतून निघालेला गर किलोच्या मजुरीवर आणा आणि फक्त साल काढणं आणि प्रतवारी हॉलमध्ये करा. लागतं काय, तर कमरेच्या उंचीची टेबलं, चांगला उजेड, टोप्या, हात धुवायची सोय आणि वजनकाटा. एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेची) नोंदणी आणि हिशोब कारखान्याशी बोलून लेखी करून घ्या, विशेषतः तुटीचा. किती टक्के तुकडा झाला तर चालेल आणि त्यापुढं मजुरी कापणार का, हे न ठरवता सुरू केलं तर पहिल्याच महिन्यात भांडण ठरलेलं.

कोणाला कुठं बसवायचं हे इथं बारकाईनं बघावं लागतं. पाय अधू असलेल्यांना बसून साल काढणं जमतं. कारखान्यात बी फोडायची काही यंत्रं पायानं दाबायची असतात, ती त्यांना नकोत, हातदांड्याची चालतील. अंध व्यक्तीचा सालीवर हात बसला की वेग चांगला येतो आणि अख्खा गर की पाकळी (गराचं अर्धं फाक) हे बोटांना लगेच कळतं. चिकटून राहिलेली साल मात्र बोटांना नेहमी लागत नाही, तेव्हा शेवटची नजर डोळस माणसाची. बौद्धिक अक्षमता असलेल्याला गराच्या सगळ्या प्रती (दर्जे) एकदम शिकवू नका. डब्ल्यू 240 म्हणजे एका पौंडात, 454 ग्रॅममध्ये, 220 ते 240 गर. डब्ल्यू 320 म्हणजे 300 ते 320. हा फरक पट्टीच्या कामगारालाही सरावानं येतो. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे फक्त दोन टोपल्या: अख्खा आणि फुटका. ते चुकेनासं झालं की तिसरी टोपली, पाकळीची. आकाराची प्रतवारी शेवटी, तीसुद्धा चाळणी किंवा नमुन्याची पाटी समोर ठेवून. आणि एक गोष्ट कटाक्षानं: कुष्ठरोगातून बरे झालेले किंवा बोटांना बधिरपणा असलेले कोणी यादीत असतील, तर त्यांना कारखान्यातही बी फोडायला कधीही बसवू नका. टरफलातलं तेल कातडी जाळतं. इतरांना चटका लागताच ते हात काढतात, यांना कळतच नाही.

किलोवर मजुरी दिली तरी महिन्याची बेरीज किमान वेतनाला पोहोचली पाहिजे. 'त्यांना घरी बसण्यापेक्षा बरं' हे वाक्य संस्थेत कोणाच्या तोंडी यायला लागलं की समजा, गाडी चुकीच्या रस्त्याला लागली. या धर्तीवरचं काम बघायचं असेल तर कोल्हापूरच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डचं सिंधुदुर्गातलं काजूचं काम बघून या. आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांनी चालवलेलं, रोज गिऱ्हाईकासमोर उभं राहणारं काम कसं असतं हे बघायला मिट्टी कॅफे, ज्यांचा पहिला कॅफे 2017 साली हुबळीत सुरू झाला. निपाणी-अथणीकडं कोल्हापुरी चपलेचा धंदा आहे, 2019 च्या जीआयमध्ये (भौगोलिक मानांकनात) बेळगाव जिल्हाही आहे. वेणी, पट्टे, शिलाई ही बसून करायची कामं आहेत. पण ते कसब घरातून येतं, तीन महिन्यांच्या कोर्सनं नाही. तुमच्यापासून ते दूरही पडतं.

आता उद्यमबाग. कारखान्यात जाऊन 'आमच्याकडं दिव्यांग मुलं आहेत, काही काम आहे का' असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: 'बघू, कळवतो.' त्याऐवजी अर्धा दिवस शॉपमध्ये उभं राहायची परवानगी मागा आणि प्रत्येक स्टेशनवर माणूस काय काय करतो ते लिहून काढा. व्हीएमसीवरचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरचा) ऑपरेटर जॉब, म्हणजे घडवायचा भाग लावतो, सायकल चालू करतो, मधल्या वेळात आधीच्या जॉबची बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची कूस काढतो, भोकाचं माप बघायला प्लग गेज घालून बघतो, पुसून ट्रेमध्ये ठेवतो, रजिस्टर भरतो. यातली बर काढणं, गो-नो गो गेजनं (माप बसतं की नाही एवढंच सांगणाऱ्या गेजनं) तपासणं, पुसणं, ट्रे मोजणं ही कामं वेगळी काढली तर एका माणसाचं बसून करायचं पूर्ण काम निघतं आणि ऑपरेटर दुसरं मशीनही बघू शकतो. मालकापुढं हे मांडा. त्याला ते नफ्याच्या भाषेत लगेच समजतं.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीत एक वाईट प्रथा आहे. 'त्यांना आवाजाचा त्रास नाही' म्हणून त्यांना फाउंड्रीत फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करायला) किंवा ग्राइंडिंगला लावतात. बहुतेकांना थोडं ऐकू येत असतं, तेही जातं. आणि धूळ, कंपन यांचा कानाशी काही संबंध नाही, ते फुफ्फुसाला आणि हाताला भोवतं. याला नाही म्हणा. तपासणी, कोअर शॉप (साच्याच्या आतले गाभे बनवायची जागा), सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), डिस्पॅच मागा. सुरक्षेसाठी तीन गोष्टी आधी करून घ्या: अलार्मला जोडून लुकलुकणारा दिवा, क्रेनच्या खालची वाट पिवळ्या पट्ट्यानं आखलेली आणि तिथं स्टेशन न ठेवणं, आणि प्रत्येक पाळीत एक ठरलेला जोडीदार, जो आग लागली किंवा क्रेन आली तर खांद्याला हात लावून बाहेर नेईल. मागून येणारी फोर्कलिफ्ट दिसावी म्हणून वळणावर गोल आरसा. हे सगळं मिळून खर्च फार नाही.

'लिहून दाखवू' या भरवशावर राहू नका. आपल्याकडं घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी. कर्णबधिर मूल शाळा शिकलं ते बहुधा कन्नड माध्यमात आणि वाचन दोन-चार शब्दांपलीकडं जात नाही. कारखान्यातला बोर्ड कन्नड-इंग्रजीत, सुपरवायझर मराठीत बोलणारा. यात बोर्डाची भाषा बदलून काहीच साधत नाही. प्रत्येक कामाचे चार-पाच फोटो काढा, बरोबर जॉब आणि चुकीचा जॉब शेजारी शेजारी, लॅमिनेट करून स्टेशनवर टांगा. सुपरवायझरला आणि जोडीदाराला वीस-पंचवीस खुणा शिकवा: थांब, चूक, पुन्हा, मोज, साहेब, जेवण, सुट्टी, दुखतंय. भारतीय सांकेतिक भाषेचा 10,000 शब्दांचा कोश आयएसएलआरटीसी या सरकारी सांकेतिक भाषा केंद्रानं व्हिडिओ स्वरूपात मोफत ठेवलाय, त्यातून घ्या. घरच्या खुणा वेगळ्या असतात, त्या पाठ्यपुस्तकी खुणांनी पुसू नका.

व्हीलचेअर किंवा कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा साचा) असेल तर आधी संडास बघा, मग बाकी सगळं. उतार 1:12 लागतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांब रॅम्प. छोट्या शेडमध्ये तेवढी जागा नसली तर तो कारखाना सोडून द्या, खडा रॅम्प बांधून घेऊ नका. कॅलिपर घातलेल्याला भारतीय पद्धतीच्या संडासावर बसता येत नाही. मग तो दिवसभर पाणी पीत नाही आणि दोन आठवड्यांत 'तब्येत बरी नाही' म्हणून घरी बसतो. खरं कारण तो सांगत नाही. एक कमोड आणि भिंतीला धरायची पाइप, एवढ्यानं अनेक नोकऱ्या टिकतात.

नोकऱ्या सुटायच्या वेळाही ठरलेल्या आहेत. पहिला आठवडा बसमुळं. आतल्या गावांतून सकाळची पाळी गाठणारी बस आहे का, पावसाळ्यात कणकुंबीच्या बाजूला ती येते का, हे मुलाखतीआधी दोनदा स्वतः प्रवास करून बघा. दिव्यांगांचा सवलतीचा पास असतो. कर्नाटकातल्या पत्त्याच्या बायकांना जून 2023 पासून शक्ती योजनेत साध्या बसचा प्रवास मोफत आहे. दुसरी वेळ पहिल्या पगाराची. पगार भावाच्या खात्यावर गेला की दुसऱ्या महिन्यात उमेद संपते, म्हणून खातं स्वतःचं, एटीएम स्वतःकडं. तिसरी वेळ भाताच्या लावणीची आणि सुगीची. घरात हात कमी पडतात आणि 'चार दिवस राहा' म्हणता म्हणता महिना होतो. ही रजा कारखान्याशी आधीच बोलून ठेवा. आणि सगळ्यात घातक म्हणजे सुपरवायझर बदलला ती वेळ. जुन्यानं जे सगळं समजून घेतलेलं असतं ते नव्याला कोणी सांगत नाही.

यासाठी तो मधला माणूस. पहिला आठवडा तो रोज शॉपवर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, तिसऱ्या महिन्यानंतर पंधरवड्यातून एक भेट आणि घरी एक फोन. असा एक जण एका वेळी नवीन बारा ते पंधरा माणसं सांभाळू शकतो, जास्त नाही. पगार 18,000 आणि पेट्रोल-फोनचे 4,000 धरले तर महिन्याला माणशी साधारण 1,500 ते 1,800 पडतात, सहा महिन्यांचे 9,000 ते 11,000. दात्यापुढं हाच आकडा ठेवा. मोटारसायकल चालवणारा, मराठी-कन्नड दोन्ही बोलणारा आणि सुपरवायझरशी चहा पीत बोलू शकणारा माणूस बघा. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

आता घरच्यांची भीती. मुलगा नोकरीला लागला की पेन्शन बंद होईल, बीपीएल कार्ड जाईल, ही ती भीती आणि ती खोटी नाही. दोन्हींना उत्पन्नाची अट आहे. नोकरी तीन महिन्यांत सुटली तर पेन्शन पुन्हा चालू करायला नाडकचेरीच्या (महसूल कार्यालयाच्या) किती फेऱ्या होतात हे घरच्यांना ठाऊक असतं. म्हणून ते 'पगार हातात द्या, कागदावर नको' म्हणतात आणि काही मालकांनाही ते सोयीचंच असतं. याला होकार देऊ नका. अपघात झाला तर ईएसआय (कामगार विमा) नाही, काही नाही. पहिल्याच बैठकीत वही काढून दोन रकाने मांडा: काय जाईल, काय येईल. पेन्शन गेली तरी पगार, ईएसआय, पीएफ मिळून किती उरतं हे आईसमोर मांडा. ज्या घरात हिशोब जमत नाही त्या घरातल्या माणसाला नोकरीचा आग्रह करू नका. घराजवळचं मजुरीचं काम किंवा एनडीएफडीसी या दिव्यांगांसाठीच्या केंद्रीय वित्त महामंडळाचं कर्ज हा त्याच्यासाठी बरा मार्ग.

मालकांशी बोलताना कायद्याचा धाक घालू नका, तो फसतो. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यातलं 4 टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांना आहे. खाजगी कारखान्यांसाठी कलम 35 मधले 5 टक्के म्हणजे सवलती देण्याची तरतूद, सक्ती नाही. हे त्यांच्या अकाउंटंटला माहीत असतं. उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी: वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला समान संधी धोरण प्रसिद्ध करावं लागतं, त्याचा मसुदा तुम्ही तयार करून द्या, आणि ईएसआयची पगारमर्यादा 21,000 असली तरी दिव्यांग कामगारासाठी ती 25,000 आहे, म्हणजे कुशल माणूसही त्यात राहतो.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा मोह लवकर होईल. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिव्यांगांचं कौशल्य आणि उपजीविका स्पष्ट लिहिलेली आहे, पण पैसा घ्यायला नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम 8 (ना-नफा) कंपनी, 12ए आणि 80जी या प्राप्तिकराच्या नोंदण्या, सीएसआर-1 ही नोंदणी आणि तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. युवक मंडळाकडं हे आज नसणार. पहिली तीन वर्षं एखाद्या जुन्या संस्थेचा प्रकल्प म्हणून काम करा, हिशोब वेगळा ठेवा आणि दरम्यान नोंदणी करून घ्या.

तेव्हा क्रम असा बसतो: यादी नव्यानं, मधला माणूस, मग उद्यमबाग-मच्छेत दोनच कारखाने आणि त्यात मिळून चार-पाच जण. ज्यांना रोजचा प्रवास झेपत नाही त्यांच्यासाठी हॉलमध्ये काजूचं मजुरीचं काम. तीन महिन्यांचं प्रशिक्षण आधी देऊ नका. शिकायचं ते त्या स्टेशनवर, त्याच गेजवर. वर्गात शिकवायचं असेल तर वेळ, हजेरी, रजा कशी मागायची आणि पगारपत्रक कसं वाचायचं, एवढंच, आठवडाभर.

राहिला अंध तरुणाचा प्रश्न. त्याचा कोर्स बहुधा बरोबर असेल, अडचण ऑफिसच्या फाइलींत आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मोफत आहे आणि मराठी, कन्नड वाचतो, पण मजकूर युनिकोड या प्रमाण अक्षरपद्धतीत असेल तरच. आपल्याकडच्या संस्थांत, छापखान्यांत निम्मा मजकूर जुन्या नुडी नाहीतर श्रीलिपी फाँटात असतो. तो त्याला निव्वळ बडबड ऐकू येतो. स्कॅन करून पीडीएफ केलेलं पत्र तर त्याच्यासाठी कोरा कागद. मुलाखतीला जाताना त्याच्यासोबत जा, त्या ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाका आणि तिथल्या खऱ्या फाइली उघडून बघा. मजकूर युनिकोडमध्ये फिरवून देणारे कन्व्हर्टर मिळतात, स्कॅनसाठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर लागतं. त्यांचं अकाउंटचं सॉफ्टवेअर माउसशिवाय, नुसत्या कीबोर्डवर पूर्ण चालतं का, हेही तिथंच बसून तपासा. चालत नसेल तर त्या पदाचा नाद सोडा आणि त्याच ऑफिसात फोनवरचं काम, वसुलीची आठवण, चौकशी, अपॉइंटमेंट घेणं, असं काही मिळतं का ते विचारा. त्याला मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येत असतील तर बेळगावात फोनवर बोलण्याच्या कामाला ही मोठी जमेची बाजू आहे. बायोडेटात ती कोर्सच्या वर लिहा.